शिवून टाकलेली बाही

चतुर्थीनंतरचा दुसरा रविवार, सकाळ. जागा: मोरजी, चित्रकाराने भाड्याने घेतलेल्या जुन्या घराची मोठी खोली. हजर: मी; आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीच्या, महिला मंडळातल्या चौघी, त्यांत माझ्या शेजारची काकी; स्वतः चित्रकार; आणि ज्या संस्थेच्या मदतीसाठी हे सगळं चाललं होतं, तिचे खजिनदार. गैरहजर: काका, म्हणजे काकीचे यजमान. आदल्या दिवशीच्या डायलिसिसने गळून ते घरी पडून होते.

मंडळाच्या प्रत्येक कामाचं टिपण मी असंच करते. त्या दिवशीचं मात्र एवढ्यावरच थांबलं. माझं डोकं फिरलं, आणि ते अजून जागेवर आलेलं नाही.

चित्रकार मूळचा मुंबईचा. चतुर्थीच्या आधी तो आमच्या पेडण्यातल्या वाड्यावर, देवळाच्या सभामंडपात आला होता. घरातलं वापरलेलं डेनिम द्या, म्हणाला. सगळं जोडून मी मोठं चित्र करीन, त्याचा लिलाव होईल आणि त्यातून तालुक्यातल्या डायलिसिसच्या रुग्णांना ने-आण करायला गाडी मिळेल. काम चांगलं होतं. कपडे गोळा करायचं मी अंगावर घेतलं.

आमच्याकडे कार्याला वस्तू द्यायची एक रीत आहे. लग्न असो वा देवळातला उत्सव, घरोघरची भांडी, सतरंज्या, समया जातात आणि कार्य उरकलं की घरोघर परत येतात. भांड्याच्या बुडाला ऑइल पेंटची खूण असते, कापडाच्या कोपऱ्यात दोऱ्याची. परत मिळेल का, असं कोणी विचारत नाही. म्हणून मी प्रत्येक पँट, प्रत्येक जाकीट हातात घेऊन कॉलरच्या नाहीतर कमरेच्या आतून दोऱ्याची फुली घातली. प्रत्येक घराचा रंग वेगळा. काकीच्या घराचा पिवळा.

काकीकडे मी मागायला गेलेच नव्हते. तिच्या घरात डेनिम एकच, काकांचं जाकीट. काका डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायचे, तेव्हाचं. खाण बंद पडली, पुढे मूत्रपिंडं गेली, जाकीट राहिलं. डायलिसिसच्या खोलीत एसीचा गारठा असतो आणि माणसाला चार-चार तास हात पसरून पडायचं असतं. सुया डाव्या हाताला. म्हणून काकीने डावी बाही मनगटापासून दंडापर्यंत उसवली आणि कडेला टिचबटणं लावली. हवा तेवढा हात उघडायचा, बाकीचं अंग झाकलेलं. तिथल्या नर्सबाईंनी ते जाकीट दुसऱ्या पेशंटच्या बायकांना बोलावून दाखवलं होतं.

तेच जाकीट घडी घालून काकी माझ्या दारात आली.

"काकी, हे नको. काकांना लागतं."

"डायलिसिसाचेंच काम न्ही गो? मग आमच्या घरातलें नाका जाल्यार कोणाचें? चार दीस तो शाल घेतलो."

चार दिवस काका शालीवर काढणार होते. मी पिवळी फुली घातली.

तर त्या रविवारी चित्रकाराने भिंतीवरची चादर ओढली. भिंतभर कासव. मोरजीच्या किनाऱ्यावर अंडी घालून समुद्राकडे परत निघालेलं. चित्र सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. आमच्यातल्या दोघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काकी मात्र पुढे गेली आणि तिने कासवाच्या पाठीवर हात ठेवला.

"हें आमचें."

पाठीच्या मधोमध काकांचं जाकीट पसरलं होतं. पिवळी फुली असलेली कॉलर उलटून वर घेतली होती. डाव्या बाहीचा पुढचा पाय केला होता, आणि ती बाही जाड नारिंगी दोऱ्याने वरपासून खालपर्यंत शिवून टाकली होती. टिचबटणांवर हिरवा रंग थापला होता.

"या फुल्या कोणी घातल्या?" चित्रकाराने विचारलं. "काय जिवंत आहेत! मी सगळ्या मुद्दाम ठेवल्यात."

"मी घातल्या," मी म्हटलं. "कपडे ज्याचे त्याला परत जावेत म्हणून."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला.

"ताई, पण हे तर दान होतं ना?"

"दान हा शब्द सभामंडपात कोण बोललं?"

खजिनदार मध्ये पडले. "बाई, लिलाव म्हटल्यावर वस्तू विकली जाणार, हे उघडच आहे."

"चित्र विकलं जाणार, एवढं आम्हांला कळलं. कपडे नुसते टाचून त्यांवरून चित्र उतरवाल, असं वाटलं. जाकिटाचं तुम्ही सांगायचं होतं."

"बाही फाटलेली होती," चित्रकार म्हणाला. "मी तर नीट केली."

तेव्हा काकीने त्याला सांगितलं. बाही फाटलेली नव्हती. का उसवली, कशी उसवली, सुया कुठे जातात, सगळं. आपला डावा हात पुढे करून दाखवलं. तो ऐकत गेला आणि त्याचे डोळे चमकायला लागले. मला वाटलं, शरमेने.

"हे आधी कळायला हवं होतं!" तो खजिनदारांकडे वळला. "हीच तर खरी गोष्ट आहे. चित्राखालच्या कार्डावर लिहू या. बोली कुठल्या कुठे जाईल! काकी, तुम्ही इथे उभ्या राहा, एक फोटो घेतो."

डायलिसिसच्या रुग्णांसाठी म्हणून डायलिसिसच्या रुग्णाच्या अंगावरचं काढून घेतलं, त्याची बाही शिवून टाकली, आणि वर फोटो. मी त्याला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसलेला त्याचा कुत्रा उठून परसात गेला, एवढं सांगते.

काकीचा आवाज मात्र चढला नाही. "लिवा तुमकां जाय तें. पूण बाही उसवून दिया. मंगळवारा ताका जाय." मंगळवारी काकांचं पुढचं डायलिसिस, तेव्हा त्यांना ते हवं होतं.

"काकी, रंग मुरलाय आता. उसवलं तर सगळं तडकेल. मी नवीन आणून देतो, चांगल्या कंपनीचं."

"नव्याक बाही कोण उसवतलो? तुमी?"

आमंत्रणं गेली होती, छपाई झाली होती, पाहुणे येणार होते. खजिनदारांनी हे तीन वेळा सांगितलं, जणू आमंत्रणं आभाळातून पडली होती. मी कात्री मागितली. दिली नाही. शेवटी काकीच माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली. "चल गो. गाडी जाय आसा लोकांक."

चित्र विकलं गेलं. कोणी घेतलं, ठाऊक नाही. उद्या गाडी येईल आणि काका तिच्यातूनच जातील, म्हणून मला आनंद व्हावा असं मंडळातल्या सगळ्यांचं म्हणणं आहे. गाडी येऊ दे. माझा राग गाडीवर नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी एक वापरलेलं जाकीट आणलं, काकांच्या मापाचं, मऊ झालेलं. टिचबटणं आणली. जाड सुई आणली. सगळं शिलाई मशीनवर तयार आहे. पण बाही कुठून कुठपर्यंत उसवायची, ते काकांच्या हातावरच मोजावं लागेल, आणि काकांना काकीने अजून सांगितलेलं नाही. जाकीट मोरजीला आहे, येईल, एवढंच ते जाणतात. परवा मी कुंपणापाशी दिसले तर अंगावरची शाल सावरत त्यांनी विचारलं, "गो, तुमचें तें कार्य सोंपलें मगे?"

सोंपलें, म्हटलं, आणि घरात आले. टेप खिशातच होती. माप घ्यायचं राहिलं आहे.