चांगुणाची शहाणी पोर

पेरूच्या दिवसांत पुणतांब्याच्या स्टेशनावर गाडी थांबली, की चांगुणाचा आवाज शेवटच्या डब्यापर्यंत पोचायचा. नवरा बन्सी बागेतून पेरू तोडून द्यायचा आणि ती पाटी डोक्यावर घेऊन फलाटावर उभी राहायची. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला तिला मनापासून आवडायचं. बन्सी मात्र अबोल. तो दिवसभरात जेवढं बोलायचा, तेवढं चांगुणा एक गाडी सुटेपर्यंत बोलून घ्यायची.

त्यांची थोरली लेक विजयमाला लहानपणी आईच्याच वळणावर होती. दोन वर्षांची असताना तिनं सगळी आळी डोक्यावर घेतलेली. पण शाळेत जायला लागली आणि हळूहळू निवत गेली. पाटीशेजारी बसवलं, की दोन-दोन गाड्या येऊन जाईपर्यंत तशीच बसून राही. हट्ट नाही, भांडण नाही. हाक मारली तर जरा वेळानं मान वळवायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायची, "काय गं आई?"

"पोर लई शानी हाय तुजी," बाया म्हणायच्या. चांगुणाला ते ऐकून बरं वाटायचं. बन्सीची तर ती जीव की प्राण. तो बागेतून आला, की त्याच्या मांडीला टेकून बसायची आणि बसल्याबसल्या झोपून जायची. पोर जागी होईल म्हणून बन्सी पाय हलवायचा नाही.

दिवाळीच्या तोंडावर चांगुणानं ट्रंक उपसली. तळातून एक निळा झगा निघाला. नव्या झग्याला कापड किती लागेल, याचा अंदाज घ्यायला तिनं तो विजीच्या अंगात घातला. झगा बरोबर बसला. चांगुणाला आधी हसू आलं. मग आठवलं, हा झगा विजीला पहिल्यांदा शाळेत घातला तेव्हाचा. आता पोर चौथीत होती.

तिनं धाकट्या गोरक्षनाथला हाक मारली आणि दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं. गोरक्ष बहिणीपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण तिच्यापेक्षा चार बोटं उंच होता. त्याचे आखूड झालेले सदरे आपण घरात विजीला घालत होतो, आणि त्यात आपल्याला कधी काही वावगं दिसलं नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. बन्सी बागेतून आल्यावर तिनं तो झगा त्याच्यापुढं धरला.

"ठेंगणी आसंल," बन्सी म्हणाला. "माजी आईबी ठेंगणीच हुती."

"ठेंगणी आसू द्या. पर पोर वाढायचीच थांबती व्हय?"

गावच्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. बाटली संपली, विजी होती तेवढीच राहिली. शेवटी शेजारच्या मुबारकबीनं मनावर घेतलं. "पुन्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखव. माजी भैन तितंच ऱ्हाती. तिच्याकडं उतर, मी सांगून ठिवते."

पुण्याच्या डॉक्टरीणबाई वयानं चांगुणाएवढ्याच असतील. त्यांनी विजीचा गार हात बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवला आणि एकेक विचारायला लागल्या. उन्हाळ्यातही पांघरूण घेते का? घाम येतो का? भूक कमी आहे का? दिवसा झोपते का? इतर पोरांसारखी पळते, भांडते का? एरवी कुणाला बोलू न देणारी चांगुणा गप्प होत गेली. बाई जे जे विचारत होत्या, त्या सगळ्याचं घरात आजवर कौतुकच झालं होतं.

मनगटाचा फोटो काढला, रक्त घेतलं. सगळं हातात आल्यावर बाईंनी चांगुणाला समोर बसवलं.

"हिचं हाड अजून पाच वर्षांच्या मुलीचं आहे. आपल्या गळ्यात इथं एक ग्रंथी असते. तिच्यातला रस रक्तात मिसळतो, त्याच्यावर मूल वाढतं, अंगात ऊब राहते, डोकं चालतं. हिची ग्रंथी काम करेनाशी झालीय. तो रस आपण गोळीतून द्यायचा. रोज सकाळी, उपाशीपोटी."

"किती दिस?"

"कायम."

चांगुणा पदराशी चाळा करत राहिली. "माजं काय चुकलं, बाई?"

"तुमचं काही चुकलं नाही. तान्हेपणीच हे झालं असतं, तर डोक्यावर परिणाम झाला असता. हिच्या डोक्याची वाढ नीट झालीय, हे आपलं नशीब. आता वाढेल ती. आणि जरा अवखळ होईल, तेव्हा घाबरून जाऊ नका."

अवखळ, आणि विजी? चांगुणाला ते काही खरं वाटलं नाही.

गोळी अगदी बारीक, पांढरी. पहिल्या काही दिवसांत काहीच झालं नाही. मग एका सकाळी विजीनं आपणहून दुसरी भाकरी मागितली. सगळे आजवर जिला बाळसं समजत होते, ती चेहऱ्यावरची सूज उतरली, तेव्हा आत लपलेलं टोकदार नाक दिसायला लागलं. हात ऊबदार झाले. केस मात्र मूठ-मूठ गळायला लागले, आणि त्याबरोबर पोरीचं शहाणपणही गळून पडलं. ती एका जागी बसेना. गोरक्षाला चिमटे काढी, आईला उलट उत्तरं देई. एकदा फलाटावर पाटी राखायला बसवली, तर पाटी टाकून मालगाडीचे डबे मोजत पार टोकाला गेली.

गुरुजी घरी आले. "आधी किती शांत बसायची, अक्षर मोत्यासारखं काढायची. आता शेजारणीशी बोलतच असते. गणितात नापास झालीय."

गुरुजी गेल्यावर बन्सी म्हणाला, "गोळ्या बंद कर."

"अवं, डाक्टरीनबाई म्हनल्या हुत्या..."

"आपली विजी आशी न्हवती. ही कोन दुसरीच पोर घरात आलीया."

चांगुणा एरवी तासभर भांडली असती. पण तीही दमली होती. पेरूचा हंगाम ऐन भरात, वरून पोरीचा दंगा. त्यातच गोळ्यांची बाटली संपली. नवी पुण्याहूनच आणायची होती. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता महिना गेला, त्याहून जास्त दिवस गेले.

घर शांत झालं. विजी पुन्हा पाटीशेजारी बसून राहायला लागली. चांगुणा मुद्दाम तिची कळ काढून बघायची. विजी नुसती मान वळवायची.

एका संध्याकाळी बन्सी बागेतून आला, पाय धुऊन ओट्यावर टेकला. विजी येऊन त्याच्या मांडीला टेकली आणि लगेच झोपली. दिवसभराच्या उन्हानं भिंत अजून तापलेली होती. बन्सीनं पोरीचा हात हातात घेतला. हात गार होता. त्यानं तो दोन्ही तळव्यांत धरून चोळला, पुन्हा चोळला. चांगुणा दारातून बघत होती.

"सकाळी पैली गाडी किती वाजता हाय?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"पुन्याला जातो. बाटली आनतो."

कोपरगावच्या बाजारापलीकडे कधी न गेलेला माणूस धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून एकटा पुण्याला गेला. दौंडला गाडी बदलताना चुकला, कुणीतरी परत आणून योग्य गाडीत बसवलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलंच झापलं. परत आल्यावर त्यानं चांगुणाला तीन बाटल्या दिल्या आणि म्हणाला, "भांडली तर भांडू दे."

त्यानंतर गोळी चुकली नाही. विजी भांडली, झाडावरून पडली, गुरुजींच्या छड्या खाल्ल्या. एक वर्ष त्याच वर्गात बसली आणि पुढच्या वर्षी वरच्या नंबरानं पास झाली. केस नवे आले, आधीपेक्षा दाट. दिवाळीचा झगा होळीलाच आखूड व्हायला लागला, तसं चांगुणानं शिंप्याला खाली चांगली वीतभर दुमड ठेवायला सांगितलं. संध्याकाळी विजी बापाशेजारी बसायची ती प्रश्न घेऊनच. पेरूच्या पानांवर डाग का पडतात, वटवाघळं दिवसा कुठं असतात. बन्सीला उत्तरं द्यावी लागायची. येत नसलं, की दुसऱ्या दिवशी गावात कुणाला तरी विचारून तो सांगायचा.

मग दुष्काळ आला. कालव्याला पाणी नाही, बागेत पेरू धरला नाही. चांगुणा आणि बन्सी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. गोळ्यांची सोय मुबारकबीच्या बहिणीनं केली. गावाकडं येणाऱ्या कुणाच्याही हाती ती बाटली धाडून द्यायची.

एका दुपारी कामावर सगळे जेवायला थांबले होते. विजी आणि गोरक्ष घरून भाकरी घेऊन येणार होते. ती दोघं दिसायच्या आधी त्यांचं भांडण ऐकू आलं. पाण्याचा तांब्या कुणी धरायचा, यावरून जुंपली होती, आणि विजीचा आवाज गोरक्षाच्या वर चढला होता. मुकादमानं मान वर केली.

"कुनाची रं ही पोरगी?"

"माजी हाय," चांगुणा म्हणाली, आणि दोघांना बसायला तिनं दगडावरची खडी हातानं झाडून काढली.