अक्का आणि उजवीकडे पळणारा चेंडू

वाकडी वस्तू दिसली आणि अक्कांनी ती तशीच राहू दिली, असं उभ्या बंगळुरात कधी घडलेलं नाही. अक्का म्हणजे मल्लेश्वरममधल्या आमच्या घरमालकीणबाई. माहेर-सासर दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथंच मुरलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द आमटीतल्या कढीलिंबासारखे सहज पडत. कुणाच्याही लग्नाला गेल्या की मंगलाष्टकं चालू असताना पुढे होऊन नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्या सारख्या करून येत. शेजारणीच्या रांगोळीतला चुकलेला ठिपका बोटाने पुसून नवा काढत आणि वर तिलाच पीठ मागत. एकदा सणसणून ताप चढला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी नाडीला हात लावताच त्यांनी तो सोडवून घेतला. म्हणाल्या, ‘‘तुमचं कॅलेंडर स्वल्प डावीकडं झुकलंय, ते आधी बघा. मग माझी नाडी.’’ डॉक्टर मुकाट्याने उठले.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी पुण्याहून येऊन एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे बारीक भाग घडवणाऱ्या खात्यात नोकरीला लागलो होतो. तिथे सगळा खेळ हाताचा. आणि मी सायकलवरून पडून नेमकं उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण हात काही परत आला नाही. जरा जोर द्यायची वेळ आली की आपोआप मागे यायचा. मला टेबलावर फायली चाळायला बसवलं. दिवाळीपर्यंत हात चालला नाही तर माझ्या जागी दुसरा माणूस घेऊ, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं. मी मनातून फार घाबरलो होतो.

साहेब मात्र माणूस दिलदार. गोल्फचं वेड असलेला. ‘मनगटाला व्यायाम’ म्हणून त्यांनी मला स्वतःच्या जुन्या काठ्या दिल्या, चेंडू कसा मारायचा ते शिकवलं, आणि मी रोज सकाळी घरासमोरच्या मैदानात उभा राहू लागलो. लाकडी डोक्याच्या काठीने, जमिनीत खोचलेल्या बोटभर खुंटीवर ठेवलेला चेंडू सरळ जायचा. पण गवतावरचा चेंडू लोखंडी काठीने मारला, की तो निघायचा सरळ आणि मध्येच उजवीकडे वळून पळायचा. साहेब याला ‘स्लाइस’ म्हणत. त्यांनी माझी पकड बदलली, पाय बदलले, खांदा बदलला. चेंडूने मत बदललं नाही.

हे सगळं अक्का फाटकातून बघत होत्या. रोज डोळ्यांदेखत एक वस्तू वाकडी जाते, हे त्यांच्या सहनशक्तीपलीकडचं होतं. गोल्फ हा शब्दही त्यांना धड म्हणता येत नव्हता. पण एका सकाळी त्या नऊवारीचा पदर खोचून मैदानात आल्या, माझ्या अगदी समोर बसल्या आणि चेंडूकडे न बघता माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

‘‘खुंटीवर असतं तेव्हा काठी मातीला लागत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गवतावर असलं की लागते. लागायच्या आधीच तू हात चोरतोस. दुधानं तोंड पोळलंय, म्हणून ताक फुंकतोयस.’’

‘‘अक्का, झटका बसला तर हाड पुन्हा मोडेल.’’

‘‘सरी, बरं. मग झटका नको बसायला.’’

असं म्हणून त्या घरात गेल्या आणि माझीच गादी घेऊन आल्या. गादी मैदानात अंथरली, तिच्यावर चेंडू ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘मार आता.’’ रस्त्याने जाणाऱ्या शेजारणीने विचारलं, ‘‘अक्का, गादीला ऊन दाखवताय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘नाही, भाडेकरूला.’’

गादीवर काठी धपकन बसली. मनगटाला काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात गादी जाऊन दुलई आली, मग सतरंजी, मग त्यांचा जुना पंचा. जमीन थोडी थोडी जवळ येत गेली. आणि एका सकाळी पंचाही नव्हता. लोखंडी काठीने चेंडूमागोमाग गवताचा तुकडा उडवला आणि चेंडू समोरच्या चिंचेच्या झाडाकडे सरळ गेला. माझे डोळे भरून आले. अक्का म्हणाल्या, ‘‘आता बरं दिसतंय,’’ आणि गवताचा उडालेला तुकडा होता तिथे नीट दाबून बसवला.

दिवाळीआधी मला माझी जागा परत मिळाली. पहाटेची पाळी असल्याने कारखान्याजवळच राहायला जावं लागणार होतं. हे सांगताना माझी जीभ अडखळली, कारण अक्कांच्या त्या मोठ्या घरात माझ्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

‘‘हात बरा झाला की तू जाणार, हे मला गादी आणली त्या दिवशीच ठाऊक होतं,’’ त्या म्हणाल्या.

मला जे मिळालं ते त्या बाईंमुळे, हे मी आजवर कित्येकांना सांगितलं आहे, पण त्यांना धड सांगू शकलो नाही. निघताना वाकून नमस्कार केला आणि सवयीने डाव्या हाताने ट्रंक उचलायला गेलो. त्यांनी माझा डावा हात बाजूला केला आणि ट्रंकेची कडी उजव्या हातात दिली. ट्रंक चांगलीच जड होती, पण रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत मी ती खाली ठेवली नाही. अक्का फाटकात उभ्या राहून बघत होत्या.