वरच्या बांधीचं पाणी

वरच्या बांधीत पहिला मेलेला बेडूक दिसला तेव्हा मी आधी इकडेतिकडे पाहिलं. कोणी पाहत तर नाही ना, ते आधी. बेडकाकडे नंतर पाहिलं. पोट वर करून तो धानाच्या दोन बुंध्यांमध्ये अडकला होता, पांढरा, फुगलेला. त्याच्या पलीकडे एक खेकडा. मग एक मासोळी, बोटाएवढी. मग मी पाहायचंच बंद केलं.

आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. चारी बाजूंनी मातीचा धुरा आणि आत पाणी. माझ्या तीन बांध्या आहेत, पायऱ्यांसारख्या एकाखाली एक. धुऱ्याला एक तोंड ठेवतात, त्यातून वरच्या बांधीचं पाणी मधल्या बांधीत उतरतं आणि मधल्या बांधीचं खालच्या बांधीत. ही जमीन माझ्या बापाने मोडून शेतीखाली आणली. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण पाणी किती वेळात कुठून कुठे जातं ते मला कोणत्या मास्तरने शिकवावं लागलं नाही. हे मी गावात चारचौघांत बोलून दाखवायचो. आता बोलत नाही.

गेल्या साली खालच्या बांधीत सारसाची जोडी बसली होती.

आधी पाहिलं म्हातारीने, माझ्या बायकोने. निंदण करून आली आणि अंगणातूनच म्हणाली, "अजी, सारसानं घर मांडलं खालच्या बांधीत. धान उपटून उपटून हा एवढा ढीग केला."

"उपटू दे," मी म्हणालो. "खाटेएवढी जागा घेतली, घेऊ दे."

"मोठे दानी झाले. मी दोन पेंड्या मांगल्या तं तोंड वाकडं होते."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. सारस म्हणजे माणसाएवढा उंच पक्षी. राखाडी अंग, डोकं आणि मान लाल. जोडी सोडत नाही, दरसाल पाण्यातच घर करतो. आता आमच्या भागात मोजकेच उरलेत. कामठ्याकडे एखादी जोडी, दवनीवाड्याकडे एखादी, आणि आता माझ्या शेतात. लोक पाहायला येऊ लागले. मी पुढे चालायचो, ते मागे. "इथूनच पाहा, समोर जाऊ नका," असं मी तहसीलदारासारखं बजावायचो. घरट्यात दोन अंडी होती, मळकट पांढरी, मुठीपेक्षा मोठी.

मग गोंदियाहून एक पोरगी आली, स्कूटीवर, चिखलाने माखलेली. धानाच्या दिवसात ती आणि तिच्या जोडीची मुलं गावोगाव सारसांची घरटी शोधतात आणि शेतकऱ्यांना समजावतात. तिने वही काढली.

"बाबाजी, पिल्लं निघेपर्यंत तिन्ही बांध्यांत औषध नाही टाकायचं. एकदम बंद. पक्का ना?"

"एकदा बोललो की बोललो," मी म्हणालो. "लिहून घे."

तिने लिहिलं. मी सही केली. अंगठा नाही, सही. आडनावासकट.

आठ दिवसांनी वरच्या बांधीत खोडकिडा लागला. धानाचे पोंगे, मधले कोंब, पिवळे पडून सुकायला लागले, ओढलं की सळकन हातात येत होते. म्हातारी म्हणाली, "त्या पोरीले पुसून पाहा एकदा." मला राग आला. माझ्या बापाच्या बांधीत काय करायचं ते मी एका स्कूटीवाल्या पोरीला विचारू? मी हिशेब मांडला. सारस खाली आहे, किडा वर आहे. वरच्या बांधीचं तोंड मातीने गच्च बंद केलं की थेंब खाली जाणार नाही. खालच्या बांधीला मी हात लावणार नाही, म्हणजे शब्दही राहिला आणि धानही.

हाताला प्लास्टिकची पन्नी गुंडाळली, दाणेदार औषध रेतीत मिसळलं आणि बी फेकावं तसं पाण्यात फेकलं. त्याचा वास घशात बसतो, जेवणातही येतो.

हे सगळं गुपचूप केलं. आणि तिसऱ्या दिवशी तो बेडूक.

बेडूक मरतात हे मला माहीत होतं. इतकी सालं औषध टाकत आलो, बेडूक मरतच आले. पण मी उभा होतो तिथून खाली पाहिलं, तर जोडीतला एक घरट्यावर बसलेला होता आणि दुसरा मधल्या बांधीतून चालत येत होता. संथ, एकेक पाय पाण्यातून काढून पुन्हा ठेवत. मधल्या बांधीचा धुरा त्याने एका पावलात ओलांडला. सरळ वरच्या बांधीकडे निघाला.

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी पाणी अडवलं होतं. पक्षी अडवला नव्हता. धुरा मला कळतो, सारसाला कळत नाही. बेडूक, खेकडे, मासोळ्या, हेच तर त्याचं खाणं. आणि मी त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं.

मी दोन्ही हात वर करून ओरडलो. तो दचकला, पंख पसरून उडाला. त्याबरोबर घरट्यावरचाही उठला आणि दोघं पलीकडच्या बोडीकडे, लहान तळ्याकडे, गेले. अंडी उघडी पडली. बोरीच्या झाडावर दोन कावळे होते, ते लगेच खाली उतरले. मी चिखलातून धावलो, पडलो, ढेकळं फेकली. घरट्यापाशी जाता येत नाही आणि सोडूनही जाता येत नाही, असा कमरेएवढ्या धानात उभा राहिलो. सारस परत येईपर्यंत तिथून हललो नाही. म्हणजे ओरडायची सोय नव्हती.

मग एकच काम उरलं. टोपलं घेतलं आणि वरची बांधी वेचायला लागलो. जे मेलेलं दिसेल ते टोपल्यात. बेडूक, खेकडे, गोगलगायी, एक पाणसाप. बांधाबाहेर खड्डा केला, त्यात पुरलं, वरून दगड. उजाडलं की जायचो, अंधार पडेपर्यंत राहायचो. सारस वर यायला लागला की त्याच्या वाटेत जाऊन नुसता उभा राहायचो, बुजगावण्यासारखा. तो थांबायचा. मान वाकडी करून पाहायचा. कधी परतायचा, कधी मला वळसा घालून जायचा. वळसा घालून गेला की मी त्याच्या चोचीवर डोळे लावायचो. एकदा त्याने चोच पाण्यात घातली आणि वर काढली, चोचीत काहीतरी होतं. काय होतं? जिवंत की मेलेलं? इतक्या लांबून मला दिसत नव्हतं.

माझ्याही बोटांना मुंग्या येत होत्या, डोकं दुखायचं. म्हातारीला सांगितलं नाही. पण तिला वास आला.

"टाकलं ना?" एवढंच म्हणाली.

मी जेवत राहिलो.

"अजी, मी तुमाले पुसून राहिले."

"टाकलं."

सकाळी मी निघालो तर ती दुसरं टोपलं घेऊन मागे आली. तिला मी घरी जा म्हणालो. तिने ऐकलं नाही. माझ्या घरात हट्टी एकटा मीच आहे असं लोकांना वाटतं.

पाचव्या दिवशी एक सारस बोडीच्या काठावर मान खाली टाकून उभा दिसला. दुपारभर. दुसरा घरट्यावर बसून ओरडायचा आणि हा उत्तर देत नव्हता. ही जोडी एकमेकांना उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. मला वाटलं, गेला. आता डोळ्यांदेखत पडेल. पोरीला फोन लावावा असं शंभरदा मनात आलं. पण फोन लावला की सांगावं लागलं असतं. मी मोबाईल हातात धरून बसलो आणि लावला नाही. एक पक्षी मरत होता, आणि मला माझ्या सहीची लाज वाटत होती. हे लिहितानाही हात जड होतो.

दिवस मावळताना त्याने मान वर केली आणि ओरडला. बरा झाला की मुळात आजारीच नव्हता, मला आजही ठाऊक नाही.

त्याच संध्याकाळी ढग आले. रात्रभर पाऊस, सकाळीही पाऊस. जाऊन पाहिलं तर वरची बांधी काठोकाठ. मी बंद केलेल्या तोंडाच्या मातीपेक्षा पाणी चारच बोटं खाली होतं, आणि तोंडाची माती मऊ पडत होती. ती फुटली असती तर सगळं विष मधल्या बांधीत, तिथून घरट्याखाली. मी फावड्याने माती लावत होतो आणि पाणी ती खात होतं.

आता पाणी काढायला दुसरी वाट एकच होती. वरच्या बांधीच्या बाजूला शेजाऱ्याचं पडीत आहे. खोलगट जागा, त्यात देवधान उगवतं, जे कोणी पेरत नाही ते, आणि शेजाऱ्याच्या म्हशी चरतात. तिथलं पाणी पुढे कुठे जात नाही, तिथेच मुरतं. पण आमच्या दोघांमध्ये नऊ वर्षं बोलणं नव्हतं. धुऱ्यावरून. तो म्हणायचा, मी धुरा माझ्या बाजूने कोरून बारीक केला. मी म्हणायचो, खोटं आहे. मी कोरला होता.

आम्ही तिसरीत एका चटईवर बसायचो. मी त्याच्या दारात ओला उभा राहिलो तेव्हा तो गुरांना वैरण टाकत होता. वर पाहिलं नाही.

"काऊन आला?"

"पानी सोडाचं आहे. तुह्या पडीतात."

"आभाळाचं पानी. मले कायले पुसतेस?"

"त्यात औषध आहे."

आता त्याने वर पाहिलं. "सारस बसला असताना औषध टाकलं? अन लोकाले दूर उभे राहा म्हनून सांगून राहिला होता तू?"

"हो."

"तोंडानं सांगतेस हे?"

"पायानं कसं सांगू?" मी म्हणालो. सवय जात नाही.

तो बराच वेळ वैरण टाकत राहिला. एक म्हैस, दुसरी म्हैस. माझ्या डोळ्यांसमोर ती मऊ माती होती. मला ओरडावंसं वाटत होतं. आयुष्यात इतका वेळ कोणाच्या दारात गप्प उभा राहिलो नव्हतो.

"महिनाभर मह्या म्हशी तिकडे जानार नाही," तो शेवटी म्हणाला. "त्याहिची वैरन तू आनशील."

"आनतो."

"अन धुरा तूच खोद. तुले सवय आहे."

मी खोदला. तो छत्री धरून पाहत उभा होता, मग छत्री टाकून त्यानेही फावडं घेतलं. आम्ही धुरा फोडला तेव्हा पाणी गढूळ, वेगाने पडीतात शिरलं, देवधानाची ताटं आडवी झाली. वरची बांधी हळूहळू उतरली. ते तोंड टिकलं. पडीताच्या भोवती आम्ही बोराटीच्या काट्या लावल्या.

पुढचे दिवस मोजण्यातच गेले. एका सकाळी घरट्यात काहीतरी तांबूस हललं. एक पिल्लू. दुसरं अंडं तसंच राहिलं. जोडी चार दिवस त्यावरही बसली, मग पिल्लाला घेऊन चालती झाली.

पोरगी पाहायला आली, आनंदाने टाळी वाजवली तिने. "बाबाजी, एक अंडं कितीदा असंच राहतं. तुम्ही मन छोटं करू नका."

तिने तसं म्हटल्यावर गप्प राहणं सोपं होतं. शेजारी उभा होता, म्हातारी होती, गावातली दोन माणसंही होती. मी म्हणालो, "वही काढ. मी औषध टाकलं होतं. वरच्या बांधीत. हे लिही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने खाली मान घालून लिहिलं आणि वही पुढे केली. मी पुन्हा सही केली.

यंदा मी तिन्ही बांध्यांत काही टाकलं नाही. किड्याने वरची बांधी अर्धी खाल्ली. रोज खालच्या बांधीकडे पाहायचो, जोडी येते का. आली नाही. मग एका सकाळी शेजाऱ्याने धुऱ्यावरून हाक मारली.

"अबे बुढ्या! तुहे पाव्हने मह्याकडे बसले. देवधानात."

त्याच्या पडीतातल्या पाण्यात. म्हणजे मी जिथे ते सगळं सोडलं होतं, तिथेच. पोरीला लगेच फोन लावला, या खेपेला लगेच. ती म्हणाली, एवढ्या दिवसांत ते उरत नाही बाबाजी, घाबरू नका. मी ऐकलं. पण तिने ते पाणी पाहिलं नव्हतं.

घरटं लांब होतं, देवधानाच्या मधोमध, लाल डोकं दिसत होतं. मी काठाकाठाने वाकून चालायला लागलो. शेजाऱ्याने विचारलं, "काय पाहून राहिला?" मी पोट वर केलेलं काही शोधत होतो. मग चिखलात एक बीळ दिसलं, तोंडाशी ताजी ओली माती. मी बोट घातलं.

आत खेकडा होता, जिवंत. त्याने असं धरलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारी पोट धरून हसायला लागला. "हात काढ ना बे!"

मी काढला नाही, तो सोडेपर्यंत.