लाल काठाचं लुगडं

भूतबित मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आणि आजही कुणी असलं काही सांगायला लागलं की सरळ उठून जाते... तरी हे लिहितेय, कारण जे झालं ते माझ्याच हातांनी झालं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका म्युझियमसाठी मी बायकांची जुनी लुगडी गोळा करत चांदा जिल्हा हिंडायचे. प्रत्येक लुगड्याला नाव द्यायचं, त्याचं लेबल करायचं. नुसत्या काठ-पदरावरून नाव ठरत नाही, नेसण कुठली ते पाहावं लागतं. म्हणून मी ते तिथल्या तिथे, माझ्या पातळावरूनच नेसून बघायचे.

चामोर्शीजवळच्या एका खेड्यात सोनबा नावाच्या शेतकऱ्याने पहिल्या बायकोचं लाल काठाचं लुगडं ओसरीवर आणून टाकलं. म्हणाला, "वाघानं नेली तिले. अंगावर हेच होतं."

मी ते उन्हात धरलं. वाघाने नेलेल्या बाईचं लुगडं, आणि कुठे फाटलेलं नाही, रक्ताचा ठिपका नाही! फक्त पदर दोरासारखा पिळलेला. हाताने कितीदा सारखा केला तरी चुण्या जाईनात. माझं डोकंच फिरलं. पण पुरावा काय? लेबल लिहायला काढलं.

तो पाणी आणायला आत गेला, तशी त्याची दुसरी बायको रुखमा दाराआडून पुढे आली. जेमतेम विशीची पोर. गळ्यावर काळेनिळे वळ.

"नेसू नका बाई," ती हळूच म्हणाली. "तो मले हेच नेसवते अन् मंग मारते. एक दिवस मले बी वाघ नेईन."

मग तर मी नेसलेच. मला कुणी नको म्हटलं की झालं!

निऱ्या घालेपर्यंत हात माझे होते, पुढे नाही. सोनबा तांब्या घेऊन बाहेर आला, आणि त्या हातांनी पदर पिळून त्याच्या गळ्याभोवती आवळला. मी काडी, तो रेड्यासारखा... तरी गुडघ्यांवर आला. डोळे बाहेर, तोंडाला फेस. आमचा जीपवाला मला मागे ओढत होता, मी जागची हलेना. गाव गोळा झालं. आणि मला कधीच न जमलेल्या तिथल्या बोलीत माझं तोंड बोललं —

"मोहाच्या झाडाखालच्या विहिरीत टाकलं मले. जित्ती होती मी तवा. सांग सगळ्यायले."

त्याने हो म्हणून मान हलवली. सगळ्यांनी पाहिली. तेव्हा कुठे पदर सैल पडला.

विहीर कोरडी होती, वरपर्यंत दगडांनी भरलेली. दगड काढले तर तळाशी हाडं, आणि हिरव्या बांगड्यांचे तुकडे. पोलीस सोनबाला घेऊन गेले. सवाष्ण नेसत्या लुगड्यातच जायला हवी, म्हणून रुखमाने ते लुगडं हाडांवर पसरलं. पदरावर एक चुणी नव्हती. मी लेबल फाडून टाकलं आणि रुखमाला जीपमधून तिच्या माहेरी सोडलं.

त्या गावात मी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला होता. विहीर तर पाहिलीही नव्हती. मग ते मला कुणी सांगितलं?

आणि खरं सांगू? पदर सैल पडला याचं मला अजून वाईट वाटतं.