नलिनीताईंचं पाणी माझ्या पाठीवर

नाशिकहून निघताना मी कपड्यांच्या आधी डोंगरावर घालायचे बूट पिशवीत टाकले. बायको म्हणाली, "भाच्याकडे राहायला चाललाय की किल्ला सर करायला?" मी म्हटलं, दोन्ही. भाचा रोहन जयपूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चार वर्षं झाली त्याला तिकडे. त्यानेच फोनवर सांगितलं होतं, "मामा, इथे एक ट्रेल क्लब आहे. संडेला सगळ्यांना पहाडावर नेतात. मतलब, एकदम तुमच्यासारखेच लोक आहेत."

माझ्यासारखे म्हणजे कसे, हे त्याला नक्की ठाऊक नसावं. मी पंचवीस वर्षं नाशिक जिल्ह्यातले किल्ले पायाखाली घातले आहेत आणि आमच्या ग्रुपमध्ये पुढची जागा माझी असते. अठ्ठावन्नाव्या वर्षीही असते. अरवली म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडं, अशी माझी पक्की समजूत होती आणि ती मी गाडीत शेजारच्या प्रवाशालाही ऐकवली.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. जयपूरची थंडी कोरडी. ओठ फुटतात आणि नाकाच्या शेंड्याला आपण परके झाल्यासारखं वाटतं. पहिले दोन दिवस सगळे करतात तेच मी केलं. जुन्या शहरातल्या गेरूच्या रंगाच्या भिंतींखालून फिरलो, नको असलेली रजई घेतली, सोडाला भागातल्या रोहनच्या खोलीच्या गच्चीवर ऊन खात शेंगदाण्याची चिक्की संपवली. मन मात्र रविवारकडे होतं.

रविवारी पहाटे रोहनने रजईतून फक्त तोंड बाहेर काढलं. "मामा, सॉरी. मला नाही जमणार आज. तुम्ही जा ना, नाव लिहिलंय तुमचं." त्याने मोबाइलवरून गाडी बोलावून दिली आणि परत कासवासारखा आत गेला. मुरलीपुऱ्याच्या एका चौकात क्लबची मिनीबस उभी होती. तिथे चहाच्या टपरीभोवती माकडटोप्या घातलेले सत्तावीस जण होते. मी अठ्ठाविसावा.

क्लबचे प्रमुख महेंद्रजी, शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक. मिशा अशा की बोलताना शब्दाआधी त्या हलत. त्यांनी माझे पांढरे केस पाहिले, बूट पाहिले नाहीत. म्हणाले, "अंकलजी, आप आराम से चलना. पीछे वालों के साथ. चढ़ाई तीखी है सा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढे जे झालं त्याचं मूळ मी पुष्कळ शोधलं, ते या एका वाक्यात सापडतं. वाक्य साधं होतं, आपुलकीचं होतं. मिरची माझीच होती.

शहर मागे टाकून, आमेरच्या पलीकडच्या डोंगररांगेशी बस थांबली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. समोर एक उभट डोंगर आणि त्याच्या डोक्यावर पडका बुरूज. इथे महेंद्रजींनी सगळ्यांच्या जोड्या लावल्या. या क्लबची एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. जोडीतल्या दोघांनी पाण्याच्या बाटल्या अदलाबदल करायच्या. माझं पाणी साथीदाराच्या पाठीवर, त्याचं माझ्या. खाली उतरल्यावर परत करायची. "अपना पानी दूसरे के पास हो, तो आदमी दूर नहीं जाता," महेंद्रजी म्हणाले. मला हे शाळेच्या सहलीसारखं वाटलं.

"आप दोनों मराठी. आपकी जोड़ी जमेगी," म्हणत त्यांनी माझ्यासमोर एक बाई आणून उभ्या केल्या. सत्तरीच्या असाव्यात. अंगात जाड स्वेटर, कॅनव्हासचे बूट, हातात बांबूची काठी. नलिनीताई. मूळच्या अमरावतीच्या, जयपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती.

"नाशिकचे का तुम्ही? वा, वा. किती दिवसांनी मराठी माणूस भेटला या डोंगरावर," त्या म्हणाल्या आणि आपली निळी बाटली माझ्या हातात दिली. झाकणावर औषधाच्या बाटलीला लावतात तशी चिकटपट्टी, तिच्यावर 'नलिनी' असं सुबक अक्षरात. मी माझी स्टीलची बाटली त्यांना दिली. आनंद मलाही झाला होता, नाही असं नाही. पण त्यांची काठी पाहिली आणि गळ्यात घोंगडं पडलं असंच मनात आलं.

वाट झुडपांतून चढत होती. सगळीकडे धोक (आपल्या धावड्याच्या कुळातलं झाड, हिवाळ्यात तांबूस होतं). दगड पायाखाली सुटे, डळमळते. सह्याद्रीतल्या काळ्या कातळासारखे विश्वासाचे नाहीत. नलिनीताई दहा पावलं चालत, थांबत आणि बोलत. बुरजाशेजारी त्यांचं एक झाड होतं. कांडोळ. इकडे त्याला कडाया म्हणतात. शेवटच्या बॅचच्या मुलांना घेऊन त्यांनी वर पाच रोपं लावली होती, त्यातलं एकच जगलं. मग यजमान आजारी पडले. चार वर्षं त्या वर गेल्या नव्हत्या. यजमान मागच्या वर्षी गेले, आणि आता येत्या गुरुवारी त्या जयपूर सोडून मुलीकडे इंदूरला जाणार होत्या, कायमच्या.

"कोणी म्हणते आहे, कोणी म्हणते बकऱ्यांनी खाल्लं. एकदा डोळ्यांनी पाहून घेते, मग मी मोकळी," त्या म्हणाल्या. "गुडघ्याला आज सकाळी विचारलं, तो हो म्हणाला."

त्यापुढे त्या त्या झाडाबद्दल आणखी बरंच सांगत होत्या. ते माझ्या कानात शिरलं नाही. माझे कान पुढे गेलेल्या पोरांच्या हसण्याकडे होते. एकेक जोडी आम्हाला ओलांडून गेली. प्रत्येक जोडी जाताना "आराम से, अंकलजी" म्हणून गेली.

अर्ध्याच्या वर एक सपाट दगड आहे. तिथे नलिनीताई टेकल्या. मी उभाच होतो. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, इतकी काय घाई करून राहिले?"

"घाई नाही हो. जरा पुढची वाट बघून येतो. पाच मिनिटांत आलो."

"या. मी इथंच आहे."

वाट बघायची काही गरज नव्हती, वाट सरळ वर जात होती. वळण ओलांडल्यावर मी जो सुटलो तो सुटलोच. एकामागून एक जोड्या मागे टाकल्या. परत फिरायचं मनात आलं नाही असं म्हणणार नाही. प्रत्येक वळणावर आलं. पण सगळ्यांत मागून पूजा नावाची क्लबची मुलगी येते, शेवटच्या माणसाला सोबत करणं हेच तिचं काम, ती आणेल त्यांना, अशी मी माझी समजूत घालत गेलो. बुरजावर मी तिसरा पोचलो.

वरून जे दिसलं ते खरोखर सुंदर होतं. एकामागे एक डोंगरांच्या कडा, त्यांच्यावरून कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी गेलेली जुनी तटबंदी, खाली धुक्यात शहर. घाम निथळत होता. शेजारी कोणीतरी चुना फासून रोवल्यासारखी खांद्याएवढी एक पांढरट काठी उभी होती, तिला मी माझा लाल चौकड्यांचा रुमाल गाठ मारून वाळत घातला. मग तहान लागली. सॅकमध्ये हात घातला, बाटली काढली आणि अर्धी संपवली. लिंबू, मीठ, साखर. चव लागली तेव्हा झाकणावरचं नाव दिसलं. क्षणभर थांबलो आणि उरलेलीही प्यालो.

महेंद्रजींनी डोकी मोजली. "छब्बीस. अंकलजी, आपकी साथी?"

"आ रही हैं. पूजा के साथ हैं," मी म्हणालो. हे मी पाहिलं नव्हतं.

मग डबे उघडले. कोणी मठरी (जाडसर खारी पुरी) दिली, कोणी बाजरीच्या भाकरीवर लसणाची लाल चटणी घालून दिली. मी तोंडी लावायला आमचे किल्ले काढले. पोरं डोळे विस्फारून ऐकत होती आणि मी सांगत होतो. तासभर गेला. रुमाल तिथेच राहिला.

उतरताना वळण आलं आणि तो सपाट दगड दिसला. नलिनीताई होत्या तिथेच बसलेल्या. शेजारी पूजा. मांडीवर माझी स्टीलची बाटली, दोन्ही हातांनी धरलेली.

मी काही बोलायच्या आत पूजाच माझ्यावर घसरली. "अंकल, कितनी बार कहा मैंने मैडम को, मेरे साथ ऊपर चलो. मानी ही नहीं. कहती रहीं, वो नए हैं, लौटेंगे और मैं नहीं मिली तो घबरा जाएँगे."

"आणि तुमचं पाणी होतं ना माझ्याजवळ," नलिनीताई मला मराठीत म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती. "पूजाकडचं आम्ही दोघींनी संपवलं. हे तुमचं आहे." बाटली काठोकाठ भरलेली होती. त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

मी त्यांची निळी बाटली पुढे केली. तिचं वजनच सगळं सांगत होतं. त्यांनी ती हलवूनही पाहिली नाही, झोळीत ठेवली.

"चला, आत्ता जाऊ वर. मी नेतो. हात धरून नेतो," मी म्हटलं. खरंच नेलं असतं.

"आता नाही जमायचं, भाऊ. थंड दगडावर बसून गुडघा धरला." मग त्यांनी विचारलं, "झाड आहे का हो?"

पूजा थंडीने वाहणारं नाक पुसत दोघांकडे बघत होती. मराठी तिला कळत नव्हतं. मी झाड पाहिलं नव्हतं. बुरजाशेजारी झाडासारखं काही होतं की नाही, हेही मला आठवत नव्हतं. पण त्या थकल्या चेहऱ्याकडे पाहून 'पाहिलं नाही' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी थाप मारली, आणि मारायचीच तर भरघोस मारावी म्हणून सजवून मारली.

"आहे तर! चांगलं वाढलंय. हिरवंगार, पानांनी गच्च. त्याच्याच सावलीत तर बसलो होतो आम्ही."

नलिनीताईंनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं असं आता वाटतं.

"असं? बरं झालं," त्या म्हणाल्या आणि काठीवर भार देऊन उठल्या.

उतरताना मी त्यांच्यासोबतच होतो, पावलाला पाऊल लावून. खाली रस्त्यालगत गरम कांद्याची कचोरी खाल्ली. मी त्यांच्यासाठी पुडा बांधून घेतला, त्यांनी हसून घेतलाही. बसमध्ये खिडकीची जागा मला दिली. "तुम्ही पाहुणे," म्हणाल्या. स्वतः मात्र खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. उतरताना फोन नंबरांची देवघेव झाली आणि मी त्यांना सुखाने इंदूरला जा म्हटलं.

परतीच्या गाडीत ती स्टीलची बाटली सॅकमध्ये तशीच भरलेली होती. पाणी हवं होतं तेव्हा मी स्टेशनवर दुसरी विकत घेतली.

नाशिकला आल्यावर मन लागेना. मी रोहनच्या मागे भुणभुण लावली: एकदा त्या बुरजावर जा, शेजारी कांडोळ नावाचं झाड आहे का बघ, पूजाला विचार. दोन रविवार त्याने टाळले. तिसऱ्या रविवारी गेला. दुपारी फोटो आला. खाली लिहिलं होतं, "मामा, पूजाने नेटवरच्या फोटोशी ताडून पाहिलं, म्हणते हेच ते. पण ह्यावर तर तुमचा रुमाल आहे?"

बुरजाशेजारी पांढरट, सरळ, खांद्याएवढं एक खोड. एकही पान नाही. आणि त्यावर माझा लाल चौकड्यांचा रुमाल.

मग तो फोटो नलिनीताईंना पाठवला आणि खाली लिहिलं, "हे बघा तुमचं झाड." संध्याकाळी इंदूरहून उत्तर आलं. जसंच्या तसं देतो.

"भाऊ, फार आनंद झाला. चढताना तुम्हाला सांगितलं होतं, या दिवसांत कांडोळाला एक पान नसते. त्यामुळे तुम्ही हिरवंगार म्हटलं तेव्हाच कळलं की तुम्हाला ते दिसलं नाही. मी समजले, झाड गेलं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही बोलून राहिले. तसंच धरून मी जयपूर सोडलं. नुसतं पाहिलं नाही म्हटलं असतं तर पूजा वर पळत जाऊन बघून आली असती. वीस मिनिटांची तर वाट होती. असो. झाड आहे, हे महत्त्वाचं."

माझ्या खोटेपणातही त्यांनी माझा चांगुलपणाच शोधला होता, आणि तो तिथे नव्हता.

उत्तर लिहायला बसलो. माफी मागणारे चार मजकूर लिहिले आणि पुसले. शेवटी त्या दिवशी त्या सपाट दगडापाशी जे म्हणायचं होतं, तेवढंच लिहून पाठवलं.

"मी पाहिलं नव्हतं."