मेंढ्याच्या फोटोखाली

“मेसेज टाकतो.”

त्याला काहीही विचारा, उत्तर हेच. हातातला फोन छातीपर्यंत उचलायचा, मान किंचित हलवायची आणि मागे सरकायचं. जेवलास का, ताप उतरला का, उद्या लवकर येशील का, सगळ्याला एकच, “ताई, मेसेज टाकतो.” आणि तीन फुटांवरच्या आपल्या खुर्चीत बसून खरंच टाकायचा. असा एखादा तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. नीट आठवून बघा, चटकन आठवणार नाही.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तो सात वर्षं माझ्याकडे डिझायनर होता. वाढदिवसाचा फ्लेक्स ही आमच्याकडची मोठी हौस. फोटोतला माणूस अलगद कापून काढायचा, मुरूम पुसायचे, रंग उजळायचा, मागे वाघ नाहीतर सूर्योदय लावायचा, हे त्याचं काम.

एकदा एक पुढारी शेजारी बसून “अजून गोरं करा, अजून” असं करत होते. हा मुकाट्याने करत होता. माझा फोन वाजला. ‘ताई, आता आणखी गोरं केलं तर साहेब मागच्या ढगात दिसणार न्हाईत.’ मला हसू आवरेना, आणि हा मख्ख चेहऱ्याने माऊस फिरवतोय.

मी पक्की बडबडी. जो बोलत नाही त्याला माणसं नको असतात, असा माझा ठाम समज होता. त्यातून हा मुखदुर्बळ आणि वर दिवसभर फोनला चिकटलेला. “त्या फोनापायी माणसांत यायचं विसरलास,” असं मी त्याला येताजाता सुनवायचे.

मग एके दिवशी स्टँडवरच्या केळीवाल्या मावशी आल्या. “तुमच्या दुकानातनं मेसेज लिहितो तो भाऊ कोन हाय? बघायचाय मला,” म्हणाल्या आणि फोन पुढे केला. त्यांच्या नातवाने कधीतरी हौसेने त्यांचा फ्लेक्स करून घेतला होता. यंदा वाढदिवसाला दुकानाच्या नंबरवरून मेसेज गेला होता, ‘मावशी, शुभेच्छा. फ्लेक्सच्या फोटोत तुमचा डावा गाल सुजलेला व्हता. दाढ काढली का?’

गाल त्यानेच सारखा केला होता, पण दुखणं लक्षात ठेवलं होतं.

“घरात कुनी इचारलं न्हाई बघा,” मावशी म्हणाल्या. मी वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. हा टेबलाखाली वायर शोधत होता. मावशी जाईपर्यंत ती वायर काही सापडली नाही.

नंतर कळलं, तो अशी कितीतरी गिऱ्हाइकांची चौकशी करायचा. मला स्वतःची लाज वाटली. म्हणून त्याच्या वाढदिवसाला मी ठरवलं, या वेळी फ्लेक्स याचा.

पण फोटो कुठाय? सगळ्या गावाचे चेहरे घासूनपुसून देणाऱ्याचा स्वतःचा एक फोटो नव्हता. त्याच्या प्रोफाइलवर होता मेंढा. त्याच्या घरी पूर्वी मेंढरांचा वाडा होता. आता शेती आहे, पण वडिलांनी सरदार नावाचा एक मेंढा जिवापाड सांभाळलाय, तो हा. मी सरदारलाच कापून काढला, मागे सूर्योदय लावला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या लाडक्या डिझायनरला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. त्याखाली सवयीने दुकानाचा नंबर टाकला. तिथे चुकले.

रात्रीच फ्लेक्स दुकानाबाहेरच्या खांबावर चढवला. सकाळी दुकान उघडलं तोच फोन सुरू. “मेंढा द्यायचाय का?” वरवंडचे एक आप्पा तर “चार दाती हाय का सहा दाती?” म्हणजे मेंढ्याचं वय किती, हे समजल्याशिवाय फोन ठेवेनात.

तो आला, वर बघत उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, अक्षरं वाकडी हायेत.” एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग कान लाल करून खुर्चीत बसला आणि फ्लेक्सचा फोटो त्याने एकाच माणसाला पाठवला.

हा माणूस दौंडचा, रेल्वेत कामाला. चार वर्षांपूर्वी फोनवर बुद्धिबळ खेळताना दोघांची ओळख झाली. रोज एक डाव आणि मग पानभर गप्पा. भेट मात्र एकदाही नाही. दौंड काही लांब नाही, पण दोघंही ‘भेटू कवातरी’ लिहून मोकळे.

त्या दुपारी त्याने न बोलता फोन माझ्यासमोर धरला. ‘सुट्टी काढली. तुमच्या मेंढ्याखाली उभा हाय. चौकटीचा शर्ट.’

“अरे, मग जा की!”

“ताई, फोनवर मी बरा हाय. समोर आलो की संपतो.” त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. “मला हा एकच हाय. कट्टाळला, तर परत मेसेज न्हाई यायचा.”

मी दारातून डोकावले. चौकटीचा शर्ट आपल्याच चपलांकडे बघत उभा होता. घडीच्या रुमालाने घाम पुसला, फोन पाहिला आणि तो हळूहळू स्टँडच्या दिशेने वळला.

“तो तुझ्याहून जास्त घाबरलाय,” मी म्हणाले. “निघाला बघ परत.”

खुर्ची मागे पडली, ती उचलायलाही हा थांबला नाही. रस्ता ओलांडून त्याने त्याला गाठलं. दोघं समोरासमोर उभे. माझा जीव नुसता टांगणीला. मग दौंडकराने पिशवीत हात घातला आणि लाकडी पेटी काढली. बुद्धिबळाची.

दोघं माझ्या काउंटरवर खेळायला बसले. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन तास! मध्ये एकदा “चहा?” आणि “व्हय,” एवढंच. पण काय चेहरे होते दोघांचे! गप्प राहूनही माणसं एवढी खूश असू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. डाव दौंडकराने मारला आणि आमचा डिझायनर मोठ्याने हसला. त्याचं हसू मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. फार छान आहे.

पुढे दर रविवारी कधी तो इकडे, कधी हा तिकडे. गेल्या वर्षी दौंडकराने त्याच्यासाठी तिथेच एका फोटो स्टुडिओत काम पाहिलं आणि तो गेला. जाताना फ्लेक्स घेऊन गेला. आता तो फ्लेक्स त्याच्या घरच्या गोठ्यावर आहे. वर सरदार, खाली सरदार.

त्याच्या खुर्चीत नवी मुलगी बसते. हुशार आहे, माझ्याइतकीच बोलते. तरी गिऱ्हाईक “अजून गोरं” म्हणालं की माझं लक्ष फोनकडे जातं.

परवा माझा वाढदिवस झाला. सगळ्यांचे मेसेज आले, त्याचा नाही. दुपार झाली, चार वाजले. विसरला असेल, नवी माणसं मिळाली, मी मनाला समजावलं. खरं सांगते, डोळे भरून आले होते.

पाचला दारात सावली पडली. दौंडहून एसटीने आला होता. घामेघूम, हातात फोन. त्याने तो छातीपर्यंत उचलला, मग खाली घेतला आणि खिशात ठेवून दिला.

“ताई, वाढदिवसाच्या... शुभेच्छा. बऱ्या हाय ना?”

मला ‘हो’सुद्धा म्हणता आलं नाही. मी नुसती मान हलवली. तो हसला, पायऱ्या उतरला आणि रस्ता ओलांडून स्टँडकडे गेला.

माझा फोन वाजला.

‘ताई, आज मी बोललो आन् तुम्ही गप्प.’