बटण बंद होतं, तरी आईला शॉक लागला

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

जुन्या काचेच्या नळ्यांमध्ये आकडे पेटतात ना, तसलं घड्याळ मी बनवतेय. त्याला पावणेदोनशे व्होल्ट लागतात. सर्किट कशावर जोडू, असं मी इथे ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांचं एकच, "ब्रेडबोर्डवर कर ना यार, काही होत नाही." म्हणजे सोल्डर न करता पाटीच्या भोकांत पार्ट नुसते खोचायचे.

आज दुपारी सर्किट जेवणाच्या टेबलावर ठेवून मी दार उघडायला गेले. मुलुंडच्या वन बीएचकेत माझं वेगळं टेबल कुठून येणार? आईला पानं घ्यायची होती. तिने बटण बंद केलं, पिन काढली आणि मगच ब्रेडबोर्ड उचलला. किंचाळलीच.

बटण बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये व्होल्टेज राहतं. ते उतरवायला मी रेझिस्टर लावला होता, पण त्याचा पाय ब्रेडबोर्डच्या सैल भोकातून कधीच निसटला होता.

आई ठीक आहे. फक्त सारखी म्हणतेय, "अगं, मी बंद केलं होतं गं."

तिचं काहीच चुकलं नाही, याचाच जास्त राग येतोय. आता हे सर्किट सोल्डर करून बंद डब्यातच जाईल.

आणि "काही होत नाही" म्हणणाऱ्यांनो, तुमच्या घरी टेबल कोण आवरतं?